आण्णांची शिसारी

आमच्या घरात किळस येण्याची ज्याची त्याची कारणं ठरलेली आहेत. मला दुधावरच्या सायीची येते, बायकोला पालीची येते आणि मुलीला, ती दहावीत गेल्यापासून, माझ्या विनोदांची येते. पण ‘शिसारी’ हा शब्द आम्ही आण्णांसाठी राखून ठेवला होता. ती यायची तेव्हा आधी त्यांची डावी नाकपुडी वर जायची. मग खालचा ओठ पुढं यायचा. मग खिशातून रुमाल निघायचा आणि हाताला काहीही लागलेलं नसताना ते एकेक बोट पुसायला घ्यायचे. अंगठ्यापासून सुरुवात. करंगळीपर्यंत पोचले की समोरच्यानं विषय बदलावा, नाहीतर गाव सोडावं.

आण्णा म्हणजे माझ्या बायकोचे, सुनंदाचे, थोरले चुलते. ती लहान असतानाच तिचे वडील गेले. तेव्हा तिला वाढवलं, शिकवलं आणि शेवटी माझ्या गळ्यात बांधलं ते आण्णांनीच. घराणं सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. त्यातला हा एकटा माणूस शाळेत गेला तो तिथून बाहेर आलाच नाही. प्राथमिक शिक्षक झाला आणि पुढं गणिताचा साधनव्यक्ती. हा सरकारी शब्द. म्हणजे शिक्षकांना शिकवणारा शिक्षक. त्यानं प्रशिक्षणं घ्यायची, शाळांना साहित्य पोचवायचं, मग शाळाशाळांतून फिरून ते साहित्य पोरांच्या हातात पडतं का ते बघायचं आणि तसा अहवाल सही करून वर पाठवायचा.

या सहीबद्दल आण्णा फार कडक होते. “वर्गात झालं तर कागदावर. वर्गात न्हाय तर कागदावर बी न्हाय,” असं म्हणायचे. अख्ख्या नोकरीत त्यांनी न झालेल्या गोष्टीवर सही केली नाही, असा तालुक्यात लौकिक होता. काही लोक तो आदरानं सांगत, बरेचसे वैतागून. त्या सहीचं पुढं काय झालं आणि त्यात माझा हात किती, हे सांगायला मी बसलोय. मी स्वतःही शिक्षक आहे, कुर्डुवाडीजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत होतो. म्हणजे आण्णा घरात सासऱ्याच्या जागी आणि शाळेत तपासनीस. अशी कुंडली वैऱ्याचीही नसावी.

त्यांची शिसारी मी पहिल्यांदा पुरती पाहिली ती सोलापुरातल्या एका प्रशिक्षणात. पत्र्याचा हॉल, एप्रिल महिना, दुपारचं जेवण नुकतंच झालेलं. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. प्रशिक्षणातून काय मिळालं असं आम्हा शिक्षकांना खरं-खरं विचारलं तर बहुतेक जण जिलेबीचंच नाव घेतील. तर त्या सुस्तीत आण्णा पुढं आले, कापडी पिशवी सोडली आणि टेबलावर उपडी केली. वाळलेल्या लेंड्या. शेळीच्या.

पहिल्या बाकावरच्या बाईंनी पदर नाकाला लावला. “शी! सर, आत्ताच जेवलोय की हो!”

मागून कुणीतरी म्हणालं, “आण्णासाहेब, हे कुठल्या परिपत्रकात आहे?”

“परिपत्रकात न्हाय, शेळीत हाय,” आण्णा म्हणाले. “एकसारख्या हायत, वाळलेल्या हायत, गावोगाव मिळत्यात. आन् हरवल्या तर कुणाला नोटीस निघत न्हाय. आपल्या खात्यात असलं दुसरं साहित्य दाखवा मला.”

त्यांनी दहा-दहाचे पाच ढीग केले आणि दोन सुट्या बाजूला ठेवल्या. “ह्या बावन्न. ह्यातनं सदतीस काढायच्यात. सात सुट्या न्हाईत. मग काय करायचं?”

“शेजाऱ्याकडून उसना घ्यायचा,” आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. वर्षानुवर्षं हेच सांगत आलोय.

“उसना घेतला तर परत कधी देता?” आण्णांनी विचारलं. “मी तर कुणाला परत देताना बघितला न्हाय. पोरगं इचारत न्हाय, कारण त्याला ठावं असतं, गुरुजीला बी म्हाईत न्हाय. उसना न्हाय हो. ढीग मोडायचा. ह्यो मोडला. झाल्या बारा सुट्या. आता काढा सात.”

मग त्यांची नाकपुडी वर गेली. “ह्या लेंड्यांची शिसारी आली न्हवं तुमाला? पाचवीतलं पोर बावन्नातनं सदतीस काढून पंचवीस लिवतंय. खाली मोठा अंक दिसला की उलटं वजा करून मोकळं होतंय. तितं आली का कुणाला शिसारी? तितं आपण बरोबरची खूण करतो आन् जिलेबी खातो.”

मी शेवटच्या बाकावर होतो आणि माझ्या तोंडात खरोखरच जिलेबी होती. ती गिळावी की काढावी, कळेना. नंतर प्रत्येकानं पुढं येऊन हातानं ढीग मोडून दाखवायचा होता. चार-पाच जणांनी हात घातला. बाकीच्यांनी पेनाच्या टोपणानं ढकलाढकल केली. मी रुमालानं केलं.

या प्रशिक्षणांचे फोटो रोज वर पाठवावे लागत. एक साहेब खास त्यासाठीच यायचे. शिक्षकांच्या हातात ठोकळे द्यायचे, गोल करून उभं करायचे आणि म्हणायचे, “जरा आनंददायी दिसू द्या.” एकदा ते आण्णांना म्हणाले, “सर, इकडं बघून थोडं हसा की.”

“गणित चाललंय साहेब, बारसं न्हाय,” म्हणून आण्णांनी पाठ फिरवली ती कायमची. तेव्हाच्या सगळ्या फोटोंत आम्ही हसतोय आणि मधोमध आण्णांची पाठ आहे, सदऱ्यावर घामाचा नकाशा. माझ्याकडं त्यांचा तोंडाकडून काढलेला एकही फोटो नाही.

घरी मात्र हा माणूस वेगळा असायचा, म्हणजे निदान बसलेला असायचा. सोलापुरात त्यांचं घर यंत्रमागांच्या वस्तीत. दोन्ही बाजूंनी मागांची खटखट, शेजारी तेलुगू बोलणारी कुटुंबं, आणि त्या सगळ्यांची पोरं संध्याकाळी आण्णांच्या ओट्यावर. फी नाही, फळा नाही. ओट्यावर आलेल्या कुठल्याही पोराला ते पाढे म्हणायला लावत नसत. “पाढा पोपट बी म्हणतो. सातच्या पाढ्यापेक्षा आठचा किती मोठा, ते सांग,” म्हणायचे.

एकदा आम्ही जेवायला बसलो होतो. माझी मुलगी तेव्हा सहावीत. तिनं मला विचारलं, “बाबा, तीन चतुर्थांश भागिले एक चतुर्थांश कसं करायचं?”

“सोपं आहे,” मी भाकरी मोडत म्हणालो, “दुसरा अपूर्णांक उलटा कर आणि गुण.”

“उलटा का?”

“नियम आहे.”

आण्णांचा घास हातात राहिला. इथं आमच्याकडचा एक रिवाज सांगितला पाहिजे. जावई कितीही गाढव असला तरी त्याला सासरची मंडळी अहोजाहो करतात, त्याच्यावर आवाज चढवत नाहीत आणि त्याला रिकाम्या हातानं परत धाडत नाहीत. आण्णा मला बापू म्हणायचे. तालुक्यातल्या बाकी शिक्षकांना ते तोंडावर जे बोलत, ते मला बोलता येत नसे, त्यामुळं माझ्या वाटची सगळी शिसारी त्यांच्या पोटात साठत असणार. त्या दिवशीही त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मग माझ्या ताटातली कडक भाकरी उचलली, तिचे चार तुकडे केले आणि एक आपल्या बायकोच्या, काकूंच्या, ताटात टाकला.

“बाळे, ही किती ऱ्हायली?”

“पाऊण.”

“ह्यात पाव-पाव भाकरी किती जणांना मिळंल?”

“तिघांना. मग उत्तर तीन? एवढंच?”

“एवढंच हाय. बापूंचं बी उत्तर तीनच येतंय,” आण्णा म्हणाले. “त्यांनी उलटं टांगून काढलं, एवढंच.”

काकू पदराआड हसल्या. सुनंदा उघड हसली. माझी पाऊण भाकरी मात्र आण्णांनी मला परत केली नाही. ती शेंगाचटणी लावून मुलीलाच खायला घातली.

आता पेटीकडं येतो.

शाळांना गणिताच्या पेट्या मिळाल्या होत्या. आमच्या पेटीत एकशे वीस रंगीत लाकडी ठोकळे, दहाचे दांडे, शंभराच्या पाट्या. सुरेख प्रकरण. आमच्या मुख्याध्यापकांनी ती पाहिली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. “उघडू नका. एक ठोकळा हरवला तर जडवस्तू रजिस्टरात मी काय लिहू? पोरानं गिळला म्हणून?” दीड वर्ष पेटी तशीच राहिली, वरचं प्लास्टिकसुद्धा फाटलं नाही. आणि दर महिन्याच्या तक्त्यात ‘साहित्याचा वापर’ या रकान्यात मी लिहीत होतो, ‘दररोज’. आजूबाजूच्या शाळांतही हेच चाललं होतं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालत असे. त्या शाळांतले गुरुजीही माझ्याकडं बोट दाखवून स्वतःची घालत असतील.

मग तालुक्यातून ‘गणितमित्र शाळा’ निवडायचं ठरलं. आमच्या तक्त्यात इतके ‘दररोज’ होते की आमचंच नाव पुढं आलं. आता फक्त साधनव्यक्तीनं येऊन, पाहून, सही करायची होती. आण्णा उद्या येणार असा निरोप आला, तेव्हा मी पेटी उघडली. ठोकळे नव्या चपलांसारखे चकाकत होते. दीड वर्ष दररोज वापरलेली वस्तू अशी दिसत नाही, एवढं मलाही कळलं.

मी जे केलं ते शिक्षकालाच सुचू शकतं. चौथीच्या पटावरच्या वीस मुलांच्या हिशेबानं प्रत्येकी सहा ठोकळे वाटून दिले आणि व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर बसवलं. “घासा.” पोरांनी विचारलंही नाही का म्हणून. शाळेत का विचारायचं नसतं, हे त्यांना पहिलीतच शिकवलेलं असतं. घंटा होईपर्यंत ठोकळे चांगले चार वर्षं जुने झाले. मला माझं इतकं कौतुक वाटलं की घरी येऊन मी सुनंदाला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, “आण्णांना कळलं ना, तर मला माहेर राहायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी आण्णा आले. चहाला नको म्हणाले, थेट चौथीच्या वर्गात गेले, पेटी उघडायला लावली. एक ठोकळा उचलून बोटांत फिरवला. मग दुसरा. मग टेबलावर ओळीनं मांडत गेले.

“बापू,” ते हळू आवाजात म्हणाले, “पोरांच्या हातातली वस्तू कोपऱ्यानं झिजती. ही एकाच अंगानं झिजलीय. समदी.”

मी म्हणालो, “आमची मुलं एकाच बाजूनं धरतात.”

हे वाक्य मी खरंच बोललो. सुनंदाला आजवर सांगितलेलं नाही.

आण्णांनी पेटीच्या कोपऱ्यातून सहा ठोकळे काढले, कोरे करकरीत. “आन् हे? हे काल जल्माला आले व्हय?”

मला उत्तर सुचायच्या आत पहिल्या ओळीतल्या अंबिकानं हात वर केला. “सर, ते वैष्णवीचे. ती काल आली न्हवती.”

“वैष्णवीचे म्हंजे?”

“घासायचे. गुरुजींनी सहा-सहा दिल्ते. ज्याचे लवकर जुने व्हतील त्याला आधी सुट्टी.”

वर्गात मान डोलवण्याची लाट गेली. सगळ्यांना सुट्टी आठवली होती. आण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते अंबिकासमोर उकिडवे बसले. “मग समद्यांनी मिळून घासले किती?”

तिनं क्षणभर आढ्याकडं पाहिलं. “एकशे चौदा.”

“कसं काढलंस?”

“वीस जणांचे एकशे वीस व्हत्यात की. वैष्णवीचे सहा गेले.”

“हे कुणी शिकिवलं तुला?”

“कुणी न्हाय. वाटताना कळलं.”

आण्णा हसले. वर्गात हसताना मी त्यांना त्या एकाच वेळी पाहिलं. दात दिसले, मिशी हलली. त्यांनी ते सहा कोरे ठोकळे तिच्या ओंजळीत ठेवले. मग उठून माझ्याकडं वळले आणि तो चेहरा बदलत गेला तो मी जवळून पाहिला. रुमाल निघाला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. मी विषय बदलायला तोंड उघडलं, पण विषयच सुचला नाही.

“एक दिवस दिली पोरांस्नी पेटी,” करंगळी पुसून झाल्यावर ते म्हणाले, “ती बी खोटं बोलायला. आन् तेवढ्यात त्या लेकरानं गणित काढलं. दीड वर्षात काय-काय काढलं असतं, बापू?”

प्रमाणपत्राचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. सही केली नाही.

नोटीस येणार हे उघड होतं. सही नाही म्हणजे तक्ता खोटा, आणि दीड वर्षाच्या तक्त्यांवर अक्षर माझं. मी दोन दिवस जेवलो नाही, म्हणजे घरी जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी सुनंदा सोलापूरच्या गाडीत बसली. तिथं काय झालं ते तिनं मला एकदाच सांगितलं, पुन्हा विचारायचं नाही या अटीवर.

आण्णा ओट्यावर होते. तिनं मागणं सांगितलं. ते म्हणाले, “सुनंदे, मी तुला पाढे शिकिवले. त्यातला एक तरी चुकीचा शिकिवला का?”

“न्हाय.”

“मग हे कशाला मागतीस?”

“दुसऱ्या कुणाकडं मागू, आण्णा?”

त्यांनी घडी केलेला तो कागद आतून मागवला, मांडीवर पाट घेतला आणि सही केली. मग उठून मागच्या अंगणात गेले. काकूंनी ताट वाढलं होतं. सुनंदा थांबली, पण ते आत आले नाहीत. माहेरी गेलेली लेक न जेवता परत आली, असं त्या घरात आधी कधी झालं नव्हतं.

शाळेला पितळी पाटी मिळाली. मला शाल मिळाली, फोटोत मी आनंददायी दिसतो. त्याच महिन्यात आण्णांनी अर्ज केला, की मला साधनव्यक्तीच्या कामातून मोकळं करावं आणि एखाद्या वर्गावर पाठवावं. कारण लिहिलं नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस नातेपुत्याच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत गेला. तिथं ते आणि एक तरुण बाई असे दोघंच शिक्षक. त्यांची जागा रिकामी झाली. खात्यानं तालुक्यात गणितात नाव काढलेला शिक्षक शोधला आणि त्यांना मी सापडलो. दीड वर्ष पेटी न उघडणाऱ्याला पेट्या वाटायला नेमलं. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. घरी पेढे आणले, ते सुनंदानं फ्रिजवर ठेवले आणि तिथंच वाळू दिले.

आण्णा आमच्याकडं येईनासे झाले. भांडण नाही, अबोला नाही. फोनवर सुनंदाशी बोलायचे, मुलीचे मार्क विचारायचे. फक्त यायचे नाहीत.

गेल्या वर्षी जिल्ह्याचं मोठं प्रशिक्षण होतं, वेगवेगळ्या तालुक्यांतले शिक्षक एकत्र. हजेरीच्या कागदावर मी त्यांचं नाव पाहिलं. ते मागून दुसऱ्या रांगेत बसले होते, शेजारी त्यांच्या शाळेतली ती तरुण बाई. मी पडद्यावर एकामागून एक पानं दाखवत होतो. वरून आलेली पानं, वरून आलेले शब्द. मधे एकदा मी विचारलं, “काही शंका?” कुणालाच नव्हती. प्रशिक्षणात शंका विचारली की जेवायला उशीर होतो. आण्णा माझ्याकडं पाहत होते, पण नाकपुडी जागच्या जागी होती. तेच मला जास्त लागलं. जी गोष्ट कामातून गेली तिची शिसारीही येत नाही.

शेवटी अभिप्रायाचे कागद वाटले. ‘प्रशिक्षण कसे वाटले?’ खाली दोन चौकटी, ‘उत्तम’ आणि ‘अतिउत्तम’. सगळ्यांनी खुणा केल्या, सह्या केल्या, पिशव्या उचलल्या. आण्णांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला, उठून माझ्या टेबलाशी आले आणि कोराच समोर ठेवला.

“सर,” ते म्हणाले. बापू नाही. “ह्यात माझं उत्तर न्हाय.”

“आण्णा, नुसती सही करा,” मी हळूच म्हणालो. “सगळ्यांचे कागद भरले पाहिजेत. आकडा वर जातो.”

“केलीय की एकदा,” आण्णा म्हणाले आणि चष्मा खिशात घालून बाहेर पडले.

मी कागद मोजले. एकच कमी. हॉल रिकामा होत होता. मी तो कोरा कागद पुढं ओढला, ‘अतिउत्तम’वर खूण केली आणि खाली त्यांची सही केली. ती मला चांगली येते. शाळेत पितळी पाटीशेजारी प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं, त्यावरची सही येता-जाता पाठ झाली होती. हुबेहूब जमली. शाई वाळायला मी कागद हलवत खिडकीशी गेलो.

बाहेर लिंबाखाली आण्णा उकिडवे बसले होते. छत्रीच्या टोकानं मातीत काहीतरी आखून त्या तरुण बाईंना काही विचारत होते. बाईंनी उत्तर दिलं असावं, कारण त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. बाईंनी चपलेनं ते पुसलं आणि स्वतः बोटानं पुन्हा आखायला लागल्या. आण्णा थांबले. एस.टी. फाटकाशी येऊन उभी राहिली, कंडक्टरनं घंटी दिली, तरी दोघं हलली नाहीत. माझ्या हॉलमधून नुकतेच बाहेर पडलेले तीन शिक्षक पिशव्या सावरत गाडीकडं निघाले होते. ते जाता-जाता थबकले. मग त्यांतल्या एकानं पिशवी खाली ठेवली आणि वाकून मातीत बघायला लागला.